एडवर्ड एव्हरी मॅकिल्हेनी

एडवर्ड एव्हरी मॅकिल्हेनी (जन्म : २९ मार्च १८७२, एव्हरी आयलंड, लुईझियाना, मृत्यू : ८ ऑगस्ट १९४९, एव्हरी आयलंड) हे अमेरिकन उद्योजक, निसर्ग-अभ्यासक, शिकारी, पक्षिसंरक्षक व लेखक होते. 'टबॅस्को' या मिरचीच्या तिखट सॉसचे उत्पादन करणाऱ्या घराण्याच्या कंपनीचे ते सुमारे अर्धशतक प्रमुख होते. नामशेष होऊ घातलेल्या पांढऱ्या बगळ्यांसाठी त्यांनी उभारलेली 'बर्ड सिटी' ही वसाहत आणि रानटर्कीच्या शिकारीवर १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ यांमुळे त्यांचे नाव प्रामुख्याने ओळखले जाते. टर्कीच्या पंखाच्या हाडापासून केलेल्या पिपाणीने पक्ष्याला साद घालण्याची जुनी विद्या ग्रंथरूपाने टिकवून ठेवण्यात या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. परिचितांमध्ये ते 'नेड' या नावाने ओळखले जात.

जन्म व बालपण

एव्हरी आयलंड हे नाव बेटाचे असले तरी ते समुद्रातील बेट नव्हे. लुईझियाना राज्याच्या दक्षिणेस, न्यू आयबेरिया गावाजवळ, दलदल आणि संथ वाहणाऱ्या खाड्यांनी वेढलेली ती एक टेकडी आहे. जमिनीखालून वर उचलल्या गेलेल्या मिठाच्या प्रचंड घुमटामुळे ती तयार झाली असून तिची उंची सुमारे १६३ फूट आहे. सभोवतालच्या सपाट पाणथळ प्रदेशात एवढीशी उंचीही ठळकपणे नजरेत भरते. १८६२ मध्ये तेथे खडकमिठाचा साठा सापडला. यादवी युद्धाच्या काळात त्या मिठाला फार महत्त्व आले होते.

एडवर्ड यांचे वडील एडमंड मॅकिल्हेनी हे मूळचे मेरीलंडचे. न्यू ऑर्लीन्स येथे ते बँकेच्या व्यवसायात होते. एव्हरी घराण्यातील मेरी एलायझा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. यादवी युद्धात त्यांची मिळकत बुडाली. त्यानंतर सासुरवाडीच्या या जमिनीवर त्यांनी मिरचीची लागवड केली, १८६८ च्या सुमारास सॉसचे उत्पादन सुरू केले आणि १८७० मध्ये त्याचे पेटंट मिळवले. मिरची, मीठ आणि व्हिनेगर एवढ्याच घटकांवर हा व्यवसाय उभा राहिला.

एडवर्ड यांचे बालपण याच टेकडीवर आणि भोवतालच्या दलदलीत गेले. बंदूक, होडी, सापळे, मगरी आणि पक्षी यांची ओळख त्यांना शाळेच्या आधी झाली. सुरुवातीचे शिक्षण घरी खाजगी शिक्षकांकडे झाल्यावर ते इलिनॉय व न्यू यॉर्क येथील लष्करी पद्धतीच्या शाळांत शिकले. १८९२ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु पदवी पूर्ण होण्यापूर्वीच, १८९४ मध्ये, त्यांनी विद्यापीठ सोडले.

ध्रुवीय मोहिमा

विद्यापीठ सोडण्याचे कारण होते डॉ. फ्रेडरिक कुक यांची ग्रीनलंडकडे निघालेली मोहीम. तीत पक्षितज्ज्ञ म्हणून एडवर्ड सहभागी झाले. 'मिरांडा' हे या मोहिमेचे जहाज प्रथम हिमनगावर आदळले. पुढे ग्रीनलंडच्या किनाऱ्यानजीक खडकावर आपटून ते निकामी झाले. मासेमारी करणाऱ्या एका जहाजाने प्रवाशांना वाचवले.

या अनुभवाने ते खचले नाहीत. १८९७ मध्ये त्यांनी स्वखर्चाने अलास्काच्या उत्तर टोकावरील पॉइंट बॅरो येथे पक्षी व सस्तन प्राण्यांचे नमुने गोळा करण्यासाठी मोहीम नेली. त्याच हिवाळ्यात देवमाशांची शिकार करणारी अनेक जहाजे तेथील बर्फात अडकली व त्यांतील काही चिरडली गेली. शेकडो खलाशी किनाऱ्यावर आश्रयाला आले. सरकारी मदत पोहोचण्यास १८९८ चा मार्च महिना उजाडला. तोवर या माणसांना निवारा व अन्न देण्याच्या कामात स्थानिक व्यापारी चार्ल्स ब्राउअर यांच्याबरोबर मॅकिल्हेनी यांनीही भाग घेतला आणि शिकार करून मांस पुरवले. त्यांनी आणलेल्या पक्षी व प्राण्यांच्या नमुन्यांवरील अहवाल पक्षितज्ज्ञ विटमर स्टोन यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केला.

टबॅस्को कंपनीची सूत्रे

वडिलांच्या निधनानंतर (१८९०) थोरले बंधू जॉन एव्हरी मॅकिल्हेनी व्यवसाय पाहत होते. १८९८ मध्ये स्पेन-अमेरिका युद्ध सुरू झाल्यावर जॉन हे थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्वयंसेवक घोडदळात दाखल झाले आणि अलास्काहून परतलेल्या एडवर्ड यांच्याकडे कंपनीची सूत्रे आली. ती त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४९ पर्यंत, सांभाळली. १९०० मध्ये न्यू ऑर्लीन्स येथील मेरी गिव्हन्स मॅथ्यूज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली झाल्या.

निसर्गविषयक सर्व उपक्रमांना आवश्यक असलेला पैसा व सवड त्यांना या व्यवसायातूनच मिळाली. मिरचीच्या शेतातील व कारखान्यातील कामगार त्यांच्याच जमिनीवर राहत. संरक्षित बगळे, बाग, मगरी आणि सॉसचा कारखाना हे सर्व एकाच टेकडीवर, एकाच मालकाच्या देखरेखीखाली नांदत होते.

बर्ड सिटी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे लावण्याची रूढी होती. स्नोई इग्रेट या शुभ्र बगळ्याला विणीच्या हंगामात पाठीवर तलम, झुबकेदार पिसे येतात. भारतातील लहान बगळ्याचा हा जवळचा भाऊबंद. पिसांसाठी पक्षी मारले जात ते नेमके याच काळात. त्यामुळे मोठ्या पक्ष्यांबरोबर घरट्यातील पिल्लेही उपासमारीने मरत. लुईझियानाच्या दलदलीतून हे बगळे जवळजवळ नाहीसे झाले.

१८९५ च्या सुमारास मॅकिल्हेनी यांनी दलदलीत शोध घेऊन या बगळ्यांची आठ पिल्ले मिळवली. एव्हरी आयलंडवरील एका तळ्यावर मोठा पिंजरा बांधून त्यांना हाताने भरवून वाढवले. हिवाळ्याच्या तोंडावर, स्थलांतराच्या वेळी, त्यांना मोकळे सोडले. पुढील वसंतात त्यांतील काही पक्षी परत आले व त्यांनी तेथेच घरटी केली. वर्षागणिक संख्या वाढत गेली. जागा अपुरी पडू लागल्यावर मॅकिल्हेनी यांनी पाण्यात बांबूचे मचाण उभारले आणि घरट्यांसाठी काटक्या आणून टाकण्याची व्यवस्था केली. १९११ च्या सुमारास या वसाहतीतील पक्ष्यांची संख्या एक लाखाच्या आसपास गेल्याचे सांगितले जाते. खाजगी प्रयत्नातून एखादी जाती वाचवण्याच्या अमेरिकेतील आरंभीच्या उदाहरणांत बर्ड सिटीची गणना होते. पिसांचा व्यापार आवरणारे कायदे पुढे १९०० ते १९१८ या काळात टप्प्याटप्प्याने झाले.

रानटर्की आणि हाडाची पिपाणी

टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेतील पक्षी. पाळीव टर्की संथ व जड असली तरी रानातील टर्की अतिशय सावध असते. तिची नजर व श्रवणशक्ती तीक्ष्ण असून ती वेगाने पळू व उडू शकते. रात्री ती उंच झाडांवर बसते. तिच्या मागे लागून शिकार साधत नाही. त्यामुळे तिला आवाजाने जवळ बोलावण्याची कला तेथे विकसित झाली. या कलेतील एक जुने साधन म्हणजे टर्कीच्याच पंखाच्या हाडांची पिपाणी, म्हणजे 'विंगबोन कॉल'. तिचा उगम अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या शिकारपरंपरेशी जोडला जातो. दक्षिणेकडील राज्यांत ती विद्या बापाकडून मुलाकडे किंवा जाणत्या शिकाऱ्याकडून नवख्याकडे जात असे.

या विषयावर सर्वांत अधिकाराने लिहिणाऱ्यांत चार्ल्स एल. जॉर्डन हे शिकारी होते. त्यांनी आयुष्यभर रानटर्कीचे निरीक्षण केले, छायाचित्रे घेतली आणि नियतकालिकांत लेख लिहिले. १९०९ मध्ये चोरट्या शिकाऱ्याच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मागे टिपणे व छायाचित्रे राहिली. ती मॅकिल्हेनी यांनी मिळवली, त्यांत स्वतःच्या अनुभवाची व अभ्यासाची भर घातली आणि १९१४ मध्ये 'द वाइल्ड टर्की अँड इट्स हंटिंग' हे पुस्तक न्यू यॉर्क येथील डबलडे, पेज अँड कंपनीतर्फे प्रसिद्ध केले. टर्कीच्या जीवाश्मांविषयीचा व प्राचीन इतिहासाचा भाग डॉ. आर. डब्ल्यू. शूफेल्ट यांनी लिहिला. मुखपृष्ठावर नाव मॅकिल्हेनी यांचे असले तरी जॉर्डन यांचे ऋण त्यांनी पुस्तकातच नोंदवले आहे. जॉर्डन यांचा अनुभव कोठे संपतो आणि मॅकिल्हेनी यांचा कोठे सुरू होतो, हे मात्र वाचकाला सहज वेगळे करता येत नाही.

पिपाणीची रचना साधी असते. पक्ष्याच्या पंखात दंडाचे एक व पुढील भागाची दोन अशी तीन लांब हाडे असतात. ती स्वच्छ करून उकळतात, टोके कापतात व तारेने आतील मगज काढून टाकतात. सर्वांत बारीक हाड ओठांत धरण्यासाठी असते. ते त्याहून जाड हाडात आणि ते पुढे दंडाच्या रुंद हाडात बसवून सांधे पक्के केले जातात. त्यामुळे नळी टोकाकडे कर्ण्यासारखी रुंदावत जाते. काही पिपाण्या दोनच हाडांच्या असतात. जॉर्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात हाडाला वेळूच्या कांडीची जोड दिलेली असते. मादीची हाडे बारीक असल्याने त्यांतून निघणारा स्वर उंच असतो. नर जवळ यावा म्हणून मादीचाच आवाज काढायचा असल्याने अनेक शिकारी मादीची हाडे पसंत करतात.

ही पिपाणी शिकणे अवघड मानले जाते, कारण ती फुंकून वाजत नाही. बासरी किंवा शिट्टीची सवय असलेला माणूस प्रथम फुंकर घालतो, पण त्याने हवा तसा स्वर निघत नाही. बारीक टोक आवळलेल्या ओठांमध्ये धरून हवा आत ओढावी लागते. लहान मुलाचा मुका घेताना ओठांचा जसा आवाज होतो, तशीच ओठांची हालचाल येथे असते. ओठ कंप पावतात आणि नळी तो कंप मोठा करते. पिपाणीचे तोंड ओठांच्या मध्यावर की कडेला ठेवायचे, ते किती आत घ्यायचे आणि ओठ किती आवळायचे, हे प्रत्येकाला आपल्या ओठांच्या घडणीप्रमाणे शोधावे लागते. आरंभी केवळ चिरका, फाटका स्वर निघतो.

स्वर साधल्यावर मादीची भाषा शिकायची असते. तिची नेहमीची हाक, जिला शिकारी 'येल्प' म्हणतात, उंच स्वरावर सुरू होऊन खालच्या खरखरीत स्वरावर मोडते. हा मोड आणण्यासाठी ओढ चालू असतानाच ओठ किंचित सैल सोडावे लागतात. अशा काही हाका ठरावीक लयीत एकामागून एक काढायच्या असतात. 'क्लक' हा एकच तुटक आवाज असून तो हवेच्या छोट्या, झटक्याच्या ओढीने निघतो. दोन्ही तळहातांची ओंजळ पिपाणीच्या रुंद टोकाभोवती धरून ती उघडली-मिटली की आवाज दूरचा किंवा जवळचा, मोकळा किंवा दबका करता येतो. स्वराच्या गोडव्यापेक्षा लय अधिक महत्त्वाची असते. रानातल्या माद्यांचे आवाजही सारखे नसतात, पण चुकलेली लय नराला तत्काळ सावध करते.

सर्वांत कठीण धडा मौनाचा असतो. वसंत ऋतूत पहाटे नर झाडावरून ओरडतो तेव्हा मादीने आपल्याकडे यावे, अशी निसर्गाची रीत असते. शिकारी ती उलटी करू पाहतो. नराने मादीकडे यावे असे त्याला हवे असते. म्हणून एकदोनदा हाक देऊन गप्प बसणे, झाडाला पाठ टेकून न हलता वाट पाहणे, उत्तर आले तरी पुन्हा साद घालण्याचा मोह आवरणे हे आवश्यक ठरते. नवखा शिकारी जास्त वाजवतो आणि पक्षी गमावतो. ही शिकवण कानांनी व सहवासाने मिळत असे. १९१४ च्या पुस्तकामुळे, जाणता गुरू न लाभलेल्यांनाही ती छापील स्वरूपात उपलब्ध झाली.

पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा रानटर्कीची स्थिती बिकट होती. जंगलतोड आणि अनिर्बंध शिकार यांमुळे ती अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पक्ष्याला फसवण्याची विद्या सांगणारे हे पुस्तक त्याच्या सवयी, विणीची पद्धत व आवाज यांची तपशीलवार नोंदही ठरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानातून पकडलेले पक्षी अन्य जंगलांत सोडण्याच्या कार्यक्रमांमुळे आणि शिकारीवरील निर्बंधांमुळे रानटर्कीची संख्या पुन्हा वाढली. आज अलास्का वगळता अमेरिकेच्या सर्व राज्यांत ती आढळते.

पाणथळ भूमीचे संरक्षण

लुईझियानाच्या किनाऱ्यावर उत्तरेकडून येणारी लाखो बदके व हंस हिवाळा काढतात. बाजारात विकण्यासाठी त्यांची होणारी कत्तल थांबवायची तर जमीनच ताब्यात हवी, असे मॅकिल्हेनी यांचे मत होते. त्यांनी चार्ल्स विलिस वॉर्ड यांच्यासह मोठी पाणथळ जमीन विकत घेतली आणि १९११ मध्ये तिचा भाग संरक्षणासाठी राज्याला दिला. त्यांच्या आग्रहामुळे १९१२ मध्ये मार्गारेट ऑलिव्हिया सेज यांनी मार्श आयलंड आणि १९१४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने सुमारे ८६,००० एकरांचा पट्टा खरेदी केला. ही क्षेत्रे पुढे राज्याच्या ताब्यात येऊन कायमची अभयारण्ये झाली.

पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग काढण्याचे कामही त्यांनी दीर्घकाळ केले. एव्हरी आयलंडवरील बावीस वर्षांच्या या कामाचा आढावा त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. या काळात त्यांनी मोठ्या संख्येने पक्ष्यांना कडी घातली.

इतर लेखन व बाग

'बर्ड सिटी' (१९३४), 'दि ॲलिगेटर्स लाइफ हिस्टरी' (१९३५) आणि 'दि ऑटोबायोग्राफी ऑफ ॲन इग्रेट' (१९४०) हे त्यांचे अन्य निसर्गविषयक ग्रंथ होत. अमेरिकी मगरीवरील पुस्तक दीर्घ निरीक्षणावर आधारलेले असून घरटे, अंडी व पिल्लांचे संगोपन यांची माहिती त्यात आहे. १९३३ मध्ये त्यांनी एव्हरी आयलंड परिसरातील कृष्णवर्णीय गायकांकडून ऐकलेल्या भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील निवेदनावर मळेमालकाच्या स्मरणरंजनाची छाया आहे. तथापि अन्यथा विस्मृतीत गेली असती अशी गीते त्यामुळे जपली गेली.

कॅमेलिया, अझेलिया, बांबू अशा देशोदेशींच्या वनस्पती लावून त्यांनी 'जंगल गार्डन्स' ही बाग विकसित केली. १९३५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेथे चीनमधून आलेली एक प्राचीन बुद्धमूर्तीही स्थापन करण्यात आली आहे.

मतभेद व आख्यायिका

मॅकिल्हेनी हे संरक्षक होते तसेच अखेरपर्यंत शिकारीही होते. १९२० च्या दशकात त्यांनी अभयारण्यांच्या लगतच्या जमिनीवर मोठा शिकार क्लब स्थापण्याची योजना मांडली. आश्रयाला आलेले पक्षी हद्दीबाहेर पडताच मारले जातील, असा आक्षेप घेऊन अनेक पक्षिप्रेमींनी तिला कडाडून विरोध केला आणि योजना प्रत्यक्षात आली नाही. ज्यांची शिकार करायची त्यांच्यासाठी जमीन राखून ठेवणे शिकाऱ्यालाच परवडते, अशी भूमिका एका बाजूला आणि अभयारण्याच्या कुंपणालगत बंदूक नको, अशी दुसऱ्या बाजूला होती. अमेरिकेतील संरक्षण चळवळीतील हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

त्यांची काही विधाने संशोधकांनी स्वीकारलेली नाहीत. १८९० मध्ये मार्श आयलंडवर १९ फूट २ इंच लांबीची मगर मारल्याचे त्यांनी नमूद केले आहे. ती बंदुकीच्या नळीने मोजली होती व तिचा कोणताही अवशेष जतन झाला नाही. त्यामुळे हा विक्रम संशयास्पद मानला जातो.

न्यूट्रिया या दक्षिण अमेरिकी कृंतक प्राण्याबाबतची आख्यायिका अधिक प्रसिद्ध आहे. या प्राण्याने लुईझियानाच्या पाणथळ प्रदेशातील वनस्पतींची अतोनात हानी केली. तो राज्यात प्रथम मॅकिल्हेनी यांनी आणला आणि १९४० च्या वादळात त्यांच्या कुंपणातून तो निसटला, असे अनेक वर्षे लिहिले गेले. पुढे कंपनीच्या कागदपत्रांच्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. १९३८ मध्ये त्यांनी पाळलेले पहिले प्राणी राज्यातीलच एका व्यापाऱ्याकडून घेतलेले होते. म्हणजे त्यांच्या आधीही ते तेथे पाळले जात होते. त्याचबरोबर त्यांनी काही प्राणी जाणूनबुजून रानात सोडल्याचेही स्पष्ट झाले. आरंभाचा दोष त्यांच्याकडे जात नाही, पण प्रसारातील वाटा नाकारता येत नाही.

मृत्यू व वारसा

८ ऑगस्ट १९४९ रोजी एव्हरी आयलंड येथे मॅकिल्हेनी यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कंपनीची सूत्रे वॉल्टर स्टॉफर मॅकिल्हेनी यांच्याकडे गेली. बर्ड सिटीत आजही दरवर्षी वसंतात बगळे येऊन घरटी करतात आणि जंगल गार्डन्स पर्यटकांसाठी खुली आहे. रानटर्कीवरील त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या असून शिकारी व संग्राहक दोघेही त्याचा आधार घेतात. लाकडी पेटीची, पाटीची व तोंडात धरायच्या पडद्याची नवी सादसाधने सहज मिळू लागली, तरी पंखाच्या हाडाची पिपाणी स्वतः घडवून ती शिकणारे लोक अमेरिकेच्या ग्रामीण भागात अजूनही आहेत.